शिदोरी संपण्याआधी

साहित्य संस्थेच्या व्यासपीठावर अंटार्क्टिक समुद्रातला क्रिल कशाला, असे काहींना वाटेल. पण विषयाआधी एक शब्द सांगतो, मग तक्रार राहणार नाही. प्राण्याच्या बाल्यावस्थेला आपल्या परिभाषेत ‘डिंभ’ म्हणतात. संस्कृतात डिंभ म्हणजे मूल. ‘अळी’ म्हटले की पानावरची आठवते. इथे मूलच म्हणायला हवे.

क्रिल म्हणजे आपला जवळा नव्हे. दिसायला सारखा, कूळ वेगळे. अंटार्क्टिक क्रिल सुमारे ६ सेंटिमीटर वाढतो आणि पाच-सहा वर्षे जगतो. देवमासे, सील, पेंग्विन त्याच्यावरच पोसतात.

तिकडच्या उन्हाळ्यात मादी पृष्ठभागाजवळ हजारो अंडी सोडते. ती पाण्यापेक्षा जड, म्हणून बुडत जातात आणि शेकडो मीटर खाली, कधी १००० मीटरच्या आसपास, फुटतात. तिथे उजेड नाही, खायला काही नाही, आणि असते तरी या पिल्लाला अजून खाता येत नाही. अंड्यातल्या बलकाची शिदोरी घेऊन ते वर पोहू लागते. वाटेत कात टाकते. नॉप्लियसचा मेटानॉप्लियस होतो. तिसऱ्या रूपात, कॅलिप्टोपिसमध्ये, प्रथमच अन्न घेता येते. तोवर तीन-चार आठवडे गेलेले असतात. त्या वेळी उजेडातल्या पाण्यात हिरवे सूक्ष्म शेवाळ हाती लागले नाही, तर प्रवास तिथेच संपतो.

हे कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. शॅकलटनच्या शेवटच्या मोहिमेत स्काउट म्हणून गेलेल्या जेम्स मार यांनी पुढे वेगवेगळ्या खोलीवरच्या जाळ्यांतले नमुने तपासून हा चढ ताडला. १९६२ साली त्यांचा मोठा ग्रंथ आला. कारकुनी चिकाटीचे असे काम मला शोधयात्रेहून थोर वाटते.

खरी परीक्षा पहिल्या हिवाळ्यात. प्रौढ क्रिल उपाशी राहू शकतो, अंगाने आकसूनही तगतो. फर्सिलिया अवस्थेतल्या पोराजवळ तेवढी चरबी नसते. समुद्रावरच्या बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटलेले शेवाळ खरवडून ते दिवस काढते. बर्फ उशिरा धरला, तर प्रौढांआधी उपासमार या पोरांची होते. २०२३च्या हिवाळ्यात तिथला सागरी बर्फ उपग्रह-नोंदींतील नीचांकावर होता.

क्रिलची मासेमारी १९८२पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराखाली चालते. भारत त्याचा सदस्य आहे, आणि आपले ध्रुवीय संशोधन केंद्र गोव्यात, वास्कोला आहे. किती क्रिल पकडावा हे ठरवताना आज समुद्रात किती आहे एवढेच मोजून भागणार नाही. बर्फाखालची पोरे किती वाचली, तेही विचारावे लागेल.