परवलीच्या शब्दांचे जुने दळण



संगणकातील परवलीचे शब्द, ज्यांना आपण सर्रास पासवर्ड म्हणतो, हा काही वसंतातल्या संध्याकाळी ऐकावयाचा विषय नव्हे, असे कोणास वाटले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. परंतु या मंडपात बसलेल्यांपैकी बहुतेकांची आठ-दहा खाती कोठे ना कोठे उघडलेली असतील, आणि त्यांतली निम्मी आपण विसरूनही गेलो असू. आपण विसरलो, तरी ज्यांच्या दप्तरी आपली नोंद आहे त्यांनी ती पुसलेली नसते. त्या विसरलेल्या नोंदींची राखण कशी व्हावी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आरंभी हे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवीत. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९६० नंतरच्या दशकात एक मोठा संगणक अनेकजण मिळून वापरीत असत. एके दिवशी तेथे दोन फाइलींची अदलाबदल झाली, आणि रोजच्या सूचनेच्या जागी साऱ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादीच येईल त्याच्यापुढे छापून येऊ लागली! त्याच दशकात केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी निराळी युक्ती योजली. शब्द ठेवावयाचाच नाही. त्याचे दळण ठेवावयाचे. गव्हाचे पीठ होते, पिठाचा पुन्हा गहू होत नाही. मालकाने दाराशी येऊन शब्द सांगितला की तो त्याच जात्यावर दळावा आणि ठेवलेल्या पिठाशी ताडून पाहावा. जुळले तर दार उघडावे. या दळणाला तंत्रज्ञ 'हॅश' म्हणतात. आम्ही आज दळणच म्हणू.

परंतु जाते काही गुप्त नसते. ते चोरालाही मिळते. पीठ चोरून नेले की तो घरी बसून एकेक शब्द अदमासाने दळून पाहतो. यावर १९७९ साली बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी दोन उपाय लिहून ठेवले. एक, जाते मुद्दाम जड करावे. त्यांनी तीच क्रिया २५ वेळा करविली. दुसरा, प्रत्येकाच्या दळणात वेगळी चिमूट टाकावी, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळे दिसेल. गंमत अशी की, या चिमटीला इंग्रजीतही मीठच म्हणतात. त्यांच्यापाशी ४०९६ प्रकारचे मीठ होते, आणि शब्दाची पहिली आठच अक्षरे जात्यात जात. त्या काळी एवढे पुरेसे होते. पुढे खुद्द थॉम्प्सन यांच्या शब्दाचे जुने दळण लोकांच्या हाती लागले. सुमारे ४० वर्षांनी, २०१९ मध्ये, चित्रे काढण्यासाठी केलेल्या एका संगणकी कार्डाने ते सुमारे चार दिवसांत फोडले. आत निघाली बुद्धिबळातली पहिली खेळी : वजिराचे प्यादे दोन घरे पुढे.

जाती म्हातारी होतात ती अशी. जाते तेच राहते. चोराचे हात बळकट होत जातात. १९९४ साली पॉल-हेनिंग काम्प यांनी एमडी५ या क्रियेचे हजार फेरे देणारे जाते केले. २०१२ साली त्यांनी स्वतःच जाहीर केले की, ते आता सुरक्षित मानू नये. आपल्या कृतीविषयी असे बोलणारे कारागीर थोडे. मधल्या काळात, १९९९ मध्ये, नील्स प्रोवोस आणि डेव्हिड माझिएर यांनी बी-क्रिप्ट हे जाते आणले. त्याला एक खुंटी आहे; ती एक घर फिरविली की दळणाचे श्रम दुप्पट होतात. म्हणजे औषध ठाऊक होते. तरीही २०१२ साली लिंक्डइन या संस्थेकडून सुमारे ६५ लाख दळणे बाहेर पडली, तेव्हा त्यांत मीठसुद्धा नव्हते. चोरी खरोखर किती मोठी होती ते २०१६ साली कळले : ११ कोटींहून अधिक.

मग लोक जाते का बदलीत नाहीत? आळस हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे असे की, दप्तरदारापाशी गहू नसतोच! नव्या जात्यावर दळावयाचे तर मूळ शब्द हवा, आणि तो न ठेवणे हेच तर या पद्धतीचे मर्म. तो शब्द दप्तरदाराच्या हाती क्षणभरच येतो, मालक दाराशी आला म्हणजे. म्हणून रूढ रीत अशी : जुन्या जात्यावर ताडून पाहावे, जुळले की त्याच क्षणी तो शब्द नव्या जात्यावर दळावा, आणि जुने पीठ टाकून द्यावे. कोणते दळण कोणत्या जात्यावरचे, हे कळण्यासाठी नोंदीच्या आरंभी खूण घालतात. काम्प यांच्या जात्याची खूण डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये एकचा आकडा. वर्डप्रेस या प्रसिद्ध प्रणालीने २००८ पासूनचे आपले जाते एप्रिल २०२५ मध्ये बदलले ते याच रीतीने. जुनी दळणे चालू राहिली, आणि जो येईल त्याचे नव्याने दळले जाऊ लागले. येणाऱ्याला त्याची खबरही लागत नाही.

पण जो येतच नाही त्याचे काय? ड्रॉपबॉक्स या संस्थेकडून २०१२ साली चोरीस गेलेली सुमारे ६.८ कोटी खाती २०१६ मध्ये उजेडात आली. त्यांतली ३.२ कोटींच्या आसपास बी-क्रिप्टवर दळलेली होती. बाकीची जुन्या, हलक्या जात्यावरची. येणाऱ्याचीच वाट पाहणाऱ्या प्रत्येक दप्तराची अशीच फाळणी होते. नित्य येणारा नव्या कुलपात जातो, आणि न येणारा जुन्याच कुलपात राहतो. तो आजारी असेल, परगावी असेल, किंवा नुसता विसरला असेल. बहुधा तोच शब्द तो आपल्या ई-मेललाही वापरीत असतो, आणि चोराला हवे असते ते हेच.

म्हणून दुसरी रीत निघाली, आणि आमच्या मते आधी अवलंबावी ती हीच. तेच ते दळण दळणे आपल्याकडे चांगले मानीत नाहीत, पण येथे नेमके तेच करावयाचे. गहू नसला तरी पीठ आहे ना? मग सगळ्यांचे जुने पीठ एकदम नव्या जात्यात घालावे. मालकाने येण्याची गरजच नाही. पुढे तो आला की त्याचा शब्द आधी जुन्या, मग नव्या जात्यावर दळून ताडून पाहावा. फेसबुकचे तत्कालीन तंत्रज्ञ अलेक मफेट यांनी आपल्या संस्थेची रीत जाहीरपणे सांगितली आहे : सर्वांत आत जुने एमडी५, त्यावर मीठ घालून दुसरे दळण, मग वेगळ्या यंत्रात राखलेल्या गुपिताची जोड, मग एस-क्रिप्ट हे जड जाते. आत एमडी५ आहे हे ऐकून कोणी नाके मुरडील; आम्हांला तर त्या जुन्या थरात कोणालाही मागे न ठेवल्याची खूण दिसते.

यात एक फट आहे, ती सांगितली पाहिजे. आतले दळण बिनमिठाचे असेल, आणि तसल्याच जात्यावरचे पीठ चोराने दुसरीकडून पळविलेले असेल, तर ते पीठच तो नव्या जात्यात घालून पाहतो. जुळले की वरचे टरफल निघाले. मग आतले हलके दळण तेवढे फोडावयाचे राहते. म्हणून मालक आला की थरांचे दळण काढून त्याच्या शब्दाचे नवे, निखळ दळण ठेवावे. दोन्ही रीती अशा एकत्र नांदतात.

मात्र नव्याशेजारी जुने ठेवणे यासारखा घात नाही. २०१५ साली अ‍ॅशले मॅडिसन या संकेतस्थळाचे दप्तर फुटले. तेथला धंदा काय होता, ते सांगण्याचे येथे कारण नाही. कुलूप बी-क्रिप्टचे, म्हणून लोक निर्धास्त होते. पण तपासणाऱ्यांना तेथेच दुसऱ्या रकान्यात त्याच शब्दांची, सारी अक्षरे लहान लिपीची करून, एमडी५ने काढलेली दळणे सापडली. एक कोटी दहा लाखांहून अधिक शब्द सुमारे दहा दिवसांत फुटले. विंडोजमध्येही शब्दाचे सात-सात अक्षरी दोन तुकडे करणारे जुने दळण, जुन्या यंत्रांची सोय म्हणून, नव्याच्या शेजारी कित्येक वर्षे साठविले जाई. २००७ च्या व्हिस्टा आवृत्तीपासून ते आपोआप साठविणे थांबले. आणि दप्तराच्या जुन्या प्रती? कपाटात पडलेल्या प्रतीत जुने पीठ तसेच असते. मुख्य दप्तर सुधारले आणि प्रती विसरल्या, तर काम अर्धेच झाले.

राहता राहिला कायमचा गैरहजर माणूस. त्याच्यासाठी मुदत ठरवावी असे आम्हांला वाटते. वर्ष-दोन वर्षे थरांचे दळण राखावे, मध्यंतरी एक-दोनदा कळवावे, आणि मग ते पुसून टाकावे. खाते नव्हे, फक्त दळण. तो पुढे कधी आला, तर त्याच्या नोंदलेल्या पत्त्यावर दुवा पाठवून नवा शब्द ठरवून घ्यावा. ज्याचा पत्ताही बदलला आहे, त्याला आपले खाते सोडवून घेताना त्रास होईल, कदाचित ते मिळणारही नाही. हे नुकसान खरे आहे, आणि ते डोळ्यांआड करून कोणी हा नियम करू नये. पण पुसलेले दळण कोणाला चोरता येत नाही, आणि त्या माणसाचा दुसरीकडे चालू असलेला शब्द तेवढा वाचतो.