पाणी उतरलेला चाकू

मागच्या भागात मी जाता जाता म्हणालो होतो की एकदा माझ्या चाकूंबद्दल बोलेन. तर लगेच तीन-चार जणांचे मेसेज आले, "भावा, चाकू? सगळं ठीक ना?" सगळं ठीक आहे. पहिलं पार्सल आलं तेव्हा आमच्या आईनेही हेच विचारलं होतं, फक्त जरा वरच्या आवाजात.

मी गोळा करतो ते खिशातले घडीचे चाकू. मूठ आणि पातं, पातं मुठीत मिटतं, संपलं. टायटॅनियमची मूठ वगैरे भानगड नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शेतकरी, सुतार, शाळकरी पोरं जे वापरायची, तेच, आणि आजही जवळपास तसेच बनणारे. माझी अट एकच, चाकू २००० रुपयांच्या आत हवा. सध्या अकरा आहेत. सगळे मिळून एका बऱ्यापैकी फोनच्या किमतीत बसतात.

पण हे सुरू झालं एका चुकीतून. ती आधी सांगतो.

मे २०२१. वर्क फ्रॉम होम होतं म्हणून मी रत्नागिरीजवळ आमच्या गावी आजोबांकडे होतो. आजोबा कलमं बांधतात, आंब्याची. पाऊस सुरू झाला की कोय कलमांचं काम निघतं. खुंटाला चीर द्यायची, काडीला पाचरीसारखा आकार द्यायचा, ती चिरेत बसवायची आणि वर पट्टी गुंडाळायची. सगळा खेळ त्या कापावर. काप एका झटक्यात, सपाट आला पाहिजे. खरबरीत आला तर दोन्ही अंगं नीट चिकटत नाहीत आणि काडी सुकून जाते. त्यासाठी त्यांच्याकडे एक घडीचा चाकू होता, शिंगाच्या मुठीचा, कोणाच्या बनावटीचा ते काही कोरलेलं नाही. ते सांगायचे, लग्नाच्या आधीपासूनचा आहे. धार ते स्वतः लावायचे, विहिरीजवळच्या एका काळ्या दगडावर, पाणी टाकून. अर्धा-पाऊण तास.

मला वाटलं, एवढा वेळ कशाला? शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे ग्राइंडर होता. दोन व्हिडिओ बघितले आणि लावला चाकू ग्राइंडरला. इंजिनिअर ना मी. न विचारता, बॅकअप न घेता थेट प्रॉडक्शनवर बदल. पाच मिनिटांत धार अशी चकचकीत की बस. फक्त टोकापासून अर्ध्या पात्यापर्यंत कडेला एक निळसर पट्टा आला होता. मला तो सुंदर वाटला. अगदी खरं सांगतो, मी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

आजोबांनी चाकू हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "पाणी उतरलं रे ह्याचं."

एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आपल्याकडे लोहार पोलादाला 'पाणी देतो' म्हणतात. पातं लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून मग ते परत थोडं तापवून नरम करतात, अगदी मापात. ते तापताना पृष्ठभागावर रंग येतात. साध्या कार्बन पोलादावर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. चाकूची धार पिवळ्याच्या आसपास थांबवतात. निळा रंग स्प्रिंगला चालतो, कलम बांधायच्या धारेला नाही. ग्राइंडरवर पात्याची पातळ कड काही सेकंदांत तिथपर्यंत जाते, आणि गेलेला कडकपणा नुसतं घासून परत येत नाही. पुन्हा पाणी द्यायचं तर पातं मुठीतून काढायला हवं, म्हणजे रिबिटी फोडायच्या आणि जुन्या शिंगाला तडा जायचा धोका पत्करायचा. आजोबा नको म्हणाले. त्या वर्षी त्यांनी वाडीतल्या दुसऱ्या एकाचा चाकू मागून आणून कलमं बांधली. किती जगली ते मी विचारलं नाही.

पुण्याला परत आल्यावर मी पहिला चाकू मागवला, कार्बन पोलादाचा, स्वस्त, बिघडला तरी चालेल असा. धार लावायला शिकायचं होतं, म्हणून. तो होता ओपिनेल, आठ नंबरचा.

ओपिनेल फ्रान्सच्या सावोआ भागातला, आल्प्सच्या कुशीतला. जोसेफ ओपिनेल नावाच्या पोराने १८९० मध्ये, अठराव्या वर्षी तो बनवला. वडील कुऱ्हाडी, कोयते बनवणारे. मूठ बीच नावाच्या लाकडाची, साधी गोल. १९५५ मध्ये तिच्या तोंडाशी एक फिरणारी कडी आली, ती फिरवली की उघडलेलं पातं बोटांवर मिटत नाही. एवढाच काय तो मोठा बदल. पात्यावर मुकुट आणि हाताचा छाप असतो, तो १९०९ पासूनचा.

आता गंमत बघा. हा चाकू आपल्या पावसाळ्यात फुगतो. म्हणजे लाकूड फुगतं आणि पातं आत अडकून बसतं. जुलैमध्ये माझा उघडेचना. मी पक्कड शोधत होतो, नशीब की सापडली नाही. मग कळलं की सावोआतल्या लोकांची यावर जुनी युक्ती आहे. मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, की पातं आपोआप थोडं बाहेर येतं. म्हणजे तिकडेही फुगतोच! मला फार बरं वाटलं. दुसरी गोष्ट, कार्बनचं पातं लिंबू किंवा कैरी कापून तसंच ठेवलं तर काळं पडतं. हे काळं पडणं चालतं, लाल गंज चालत नाही. पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की झालं.

दुसरा माझा लाडका म्हणजे हिगोनोकामी, जपानच्या मिकी शहरातला. मित्र ओसाकाला गेला होता, त्याने आणला. पितळेचा एकच पत्रा घडी घालून केलेली मूठ, पातं, आणि पात्याच्या मागे एक शेपटी. स्प्रिंग नाही, लॉक नाही. शेपटी अंगठ्याने दाबली की पातं उघडतं, आणि कापताना अंगठा तिथेच धरून ठेवायचा. लॉक म्हणजे तुम्हीच. माझ्या चाकूच्या पोलादाचं नाव 'निळा कागद' असं आहे. ते ऐकून पोटात गोळाच आला होता. पण ते नाव पोलादाच्या रंगावरून नाही, कारखान्यात त्यावर ज्या रंगाचा कागद लावायचे त्यावरून पडलंय.

एके काळी जपानमधली शाळकरी पोरं पेन्सिलीला टोक करायला हाच चाकू वापरायची. १९६० मध्ये तिथल्या समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांची भर सभेत, व्यासपीठावर हत्या झाली. शस्त्र वेगळं होतं, छोटी तलवार. पण त्यानंतर मुलांच्या हातात चाकू नको अशी मोहीमच सुरू झाली आणि हिगोनोकामीचे दिवस फिरले.

हे वाचलं तेव्हा मला आपला रामपुरी आठवला. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा घडीचा चाकू, पण आपण तो ओळखतो सिनेमातल्या गुंडाच्या हातातला म्हणून. रामपूरमध्ये २०२३ साली चौकात सुमारे २० फुटी रामपुरी उभारलाय. माझ्या संग्रहात मात्र रामपुरी नाही. आईशी तह झालाय तसा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण विचारणार तुम्ही. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची गोष्ट येते, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. माझे चाकू चार इंचांच्या आत आहेत. पण पोलिसांचे मनाई आदेश लागू असतात तेव्हा चाकू बाळगायलाच बंदी असू शकते. म्हणून माझे चाकू घरात राहतात, खिशात नाही. आणि विमानाने जाताना केबिन बॅगेत तर नकोच नको.

छंद विचित्र वाटत असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन अडकित्ते बघा. सुपारी कातरायच्या वस्तूवर माणसांनी किती जीव लावला होता ते दिसेल. तिथून बाहेर आलात की माझे अकरा चाकू फारच सोज्वळ वाटतील.

आता शेवटचं. गेल्या मे महिन्यात मी ओपिनेल घेऊन गावी गेलो. धार मीच लावली होती, दगडावर, पाणी टाकून, पाऊण तास. आजोबा आता ८४ वर्षांचे आहेत. त्यांनी हातावरच्या केसांवर धार बघितली, मान हलवली. मग आंब्याची एक काडी घेतली आणि तिरका काप दिला. काप गुळगुळीत होता, पण किंचित गोलसर. कारण ओपिनेलला दोन्ही बाजूंनी उतार असतो, आणि आजोबांच्या चाकूला एकाच बाजूने. एका बाजूचा उतार सपाट काप देतो. इतकी वर्षं धार लावायला शिकतोय आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"फळं कापायला बरा आहे," ते म्हणाले आणि एक पेरू कापून अर्धा मला दिला.

निघताना मी तो निळा चाकू मागितला. म्हटलं, माझ्याकडे ठेवतो, माझ्या चुकीची आठवण म्हणून. नाही दिला. म्हणाले, "मुठीकडचं दोन बोटं पातं अजून चांगलं आहे. मला लागतं ते."

चला, पुढच्या भागात धारेच्या दगडांबद्दल बोलू. कोणता घ्यायचा, किती ग्रिटचा, आणि पाण्याने की तेलाने. तोपर्यंत कोणी ग्राइंडरजवळ जाऊ नका.