मालेगावची गुन्हेगारी आणि आपण

(मालेगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



गोव्याच्या किनाऱ्यावर, कळंगुट-बागा-हणजूण या पट्ट्यात, गुन्हे वाढल्याची ओरड झाली की वर्तमानपत्रांतून पहिली चिंता व्यक्त होते ती पर्यटनाच्या धंद्याची. पाहुणे येईनासे झाले तर काय, असे विचारले जाते. मालेगावात गुन्हा घडला की चिंता व्यक्त होत नाही, खात्री व्यक्त होते. ‘संवेदनशील शहर’ हे विशेषण बातमीच्या आधीच तयार असते. तेथील गुन्हा हा धंद्याला लागलेला डाग, आणि येथील गुन्हा हा जणू गावाचा स्वभाव!

२००८ सालच्या दोन घटना पाहा. त्या वर्षी फेब्रुवारीत हणजूणच्या किनाऱ्यावर एका पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. पोलिसांनी प्रथम ती बुडाल्याचे सांगितले. आईने हट्ट धरला, दुसऱ्यांदा शवविच्छेदन झाले, तेव्हा शरीरावरच्या जखमा उजेडात आल्या. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोघा आरोपींना सोडले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतील एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. त्याच २००८ च्या २९ सप्टेंबरला येथे भिक्कू चौकात स्फोट होऊन सहा माणसे मेली. त्या खटल्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. सतरा वर्षांच्या कामकाजानंतर, त्या सहा जणांना कोणी मारले हा प्रश्न होता तेथेच राहिला.

त्याआधीचे प्रकरण तर आपणा सर्वांच्या घरातले आहे. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा शुक्रवार. हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानच्या आवारात नमाजाला आलेली तीसहून अधिक माणसे गेली. पकडले गेले ते याच शहराच्या समाजातील मुस्लिम तरुण. त्यांतील बहुतेकांना जामीन मिळायला पाच वर्षे लागली आणि दोषमुक्ती मिळाली ती २०१६ मध्ये. ज्या वस्तीतील माणसे मेली त्याच वस्तीतील मुले आरोपी म्हणून नेली गेली. मग पुढे त्या वस्तीत चाकू निघाला, पिस्तूल निघाले, तर साक्ष द्यायला पोलीस ठाण्याची पायरी कोण चढेल? मालेगावच्या गुन्हेगारीचा विचार करताना हा अविश्वास बाजूला ठेवून चालणार नाही.

परंतु एवढ्यावरून येथे गुन्हेगारी नाहीच, सारी बदनामी आहे, असे म्हणणे ही कार्यकर्त्याची पळवाट होईल. ज्या आईचा मुलगा नशेत घरातली भांडी विकतो, तिला बदनामीचे राजकारण समजावून सांगण्यात अर्थ नाही. ‘कुत्ता गोळी’ हा शब्द या शहरात आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

ही गोळी म्हणजे काय? अल्प्राझोलाम. चिंता आणि निद्रानाश यांवर डॉक्टरांनी लिहून द्यावयाचे साधे औषध. ते कुठल्या गल्लीतल्या भट्टीत शिजत नाही. परवाना असलेल्या कारखान्यात तयार होते, घाऊक विक्रेत्याकडे जाते, तेथून दुकानात येते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली ते मोडते. औषध नियमांच्या एच-१ परिशिष्टातही ते आहे. म्हणजे विक्रेत्याने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण स्वतंत्र वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवली पाहिजे, आणि निरीक्षकाने मागताच दाखविली पाहिजे. तेव्हा ही गोळी पानटपरीवर पोहोचते याचा अर्थ वरची कुठली तरी वही खोटी आहे, किंवा ती कोणी पाहिलेलीच नाही. खिशात चार पट्ट्या असलेला पोरगा पकडणे सोपे असते, त्याचे छायाचित्रही छापून येते. वहीचे छायाचित्र कोण छापणार?

आणि तो पोरगा कोण आहे? यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या कारागिराचा तो मुलगा, किंवा स्वतःच कारागीर. नेमणुकीचा कागद नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. जेवढे कापड विणले तेवढी मजुरी. मालकही बहुधा लहान; सुताच्या व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर विणणारा. सुताचा भाव चढला किंवा कापडाला उठाव नसला की माग थांबतात, आणि माग थांबले की त्या आठवड्याची चूल थांबते. दारिद्र्य म्हणजे गुन्हेगारी असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे हा येथल्या हजारो प्रामाणिक विणकरांचा अपमान आहे. पण उधारीवर पैसे देणारा, ‘काम’ देणारा आणि निवडणुकीत गाडी देणारा माणूस एकच असला, तर बंद मागाच्या आठवड्यात पोरगा त्याच्याच दारी जातो.

आकड्यांविषयी एक सावधगिरी. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदविलीच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात दिला. त्यामुळे नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढलेच असे नाही. कधी कधी ठाण्याचे दार उघडल्याचेही ते लक्षण असते. उलट, आकडा कमी झाल्याचे ऐकून सत्काराचे हार घेऊन धावू नये.

आता भिवंडीकडे या. तेही यंत्रमागांचे गाव, तेथेही १९८४ ची भीषण दंगल. त्यानंतर सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत नेहमीच्या शांतता समितीतले प्रतिष्ठित नव्हते. साधी माणसे पोलिसांबरोबर नियमित बसत आणि नळाच्या भांडणापासून बोलत. आपल्याकडे शांतता समिती आठवते ती सणाच्या आदल्या दिवशी, चहापुरती.

माझी सूचना मर्यादित आहे. प्रत्येक प्रभागात आपल्या दोन साथींनी, त्यांत एक स्त्री असावी, औषध दुकानांच्या तपासणीविषयी अन्न व औषध प्रशासनाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करावा: वर्षात किती दुकाने तपासली, किती वह्या पाहिल्या, किती परवाने निलंबित झाले. अर्ज २००५ च्या कायद्याखाली, दहा रुपये शुल्कासह. तीस दिवसांत उत्तर न आल्यास अपील. मिळालेली उत्तरे मोहल्ल्याच्या सभेत, पोलीस निरीक्षकांना बोलावून, मोठ्याने वाचावीत. अर्जाचा मसुदा मराठीत आणि उर्दूत तयार आहे; जाताना बरोबर न्या.