चुकलेल्या वह्या टेबलावर येऊ द्या



प्राथमिक शिक्षकांच्या गणित-संमेलनाला आमचं नाशिकच योग्य, असं म्हटलं तर यजमानाची बढाई वाटेल; पण इथून जवळच, देवळालीच्या शाळेत, गणितज्ञ द. रा. कापरेकर १९६२पर्यंत शिक्षक होते. त्यांना ६१७४ या संख्येची गंमत सापडली. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. ३५२४ घेऊ. अंक उतरत्या क्रमाने लावले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. आणखी एकदा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४! फार तर सात वजाबाक्यांत गाडी इथेच येऊन थांबते. चौथीच्या वर्गात हे फळ्यावर मांडून पाहा. पाच वजाबाक्यांना कंटाळणारी पोरं आपापली संख्या घेऊन पान भरतील, आणि ६१७४ आले नाहीत तर चूक स्वतःच हुडकतील. बाईंनी वही तपासायची वाट पाहणार नाहीत.

मी व्यापारी माणूस, शिक्षणशास्त्र हा माझा प्रांत नाही. पण गणिताची भीती मूल जन्माला येताना घेऊन येत नाही, एवढं मलाही कळतं. ‘आमच्या घराण्यातच गणित कच्चं’ असं आईबाप पोरासमोर कौतुकाने सांगतात. शाळेत दंगा केला की शिक्षा म्हणून तेराचा पाढा दहा वेळा लिहायचा. मग त्या पाढ्याची गोडी लागायची कशी?

चुकीलाही शिक्षाच: ३२ वजा १७ बरोबर २५ लिहिणाऱ्या मुलाला लाल फुली मिळते. त्याला एकदा विचारा, ‘कसं केलंस रे?’ तो म्हणेल, ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले.’ मोठ्यातून लहान वजा करायचं, हे त्याला आपणच सांगितलेलं असतं! त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा, सतरा काढून दे म्हणा आणि थोडं थांबा. गठ्ठा सोडायचं बहुतेक त्यालाच सुचेल.

आदर्श पाठांची सादरीकरणं आपण पुष्कळ पाहिली. दुपारच्या गटचर्चेत या वेळी पोरांच्या अशा चुकलेल्या वह्या टेबलावर येऊ द्या, ही यजमानाची विनंती.