राजा नसलेल्या राज्याचा उत्सव

(प्रजासत्ताक दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु १६ ऑगस्टच्या सकाळी भारताचा राजा कोण होता, असे विचारले तर भलेभले क्षणभर थबकतात. उत्तर थोडे अडचणीचे आहे. राजा होता, आणि तो लंडनमध्ये राहत होता. ब्रिटिश संसदेच्या कायद्याने भारताला अधिराज्याचा दर्जा मिळाला होता. सहावे जॉर्ज हे त्याचे औपचारिक प्रमुख होते. त्यांच्या वतीने आधी माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल म्हणून काम पाहत होते. सरकार आपले, तिजोरी आपली. पण मंदिरावरचा कळस मात्र परका, अशी ती स्थिती सुमारे अडीच वर्षे राहिली. २६ जानेवारी १९५० रोजी ती संपली.

स्वातंत्र्य दिन असताना आणखी एक राष्ट्रीय दिन कशासाठी, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. परके गेले, हा झाला स्वातंत्र्याचा अर्थ. परके गेल्यावर रिकाम्या झालेल्या आसनावर कोणी बसायचे आणि कोणत्या अधिकाराने, हा प्रजासत्ताकाचा प्रश्न आहे. ज्या राज्यात सर्वोच्च पद वंशाने कोणाच्या घरात जात नाही आणि राज्य ही कोणाची खासगी मालमत्ता नसते, ते प्रजासत्ताक. ब्रिटन आणि जपान येथे लोकशाही आहे, परंतु ती प्रजासत्ताके नव्हेत. तेथे राजपद जन्माने मिळते. उलट पाकिस्तान २३ मार्च १९५६ रोजी प्रजासत्ताक झाले, पण १९५८ च्या ऑक्टोबरात तेथे लष्करी कायदा आला आणि प्रौढ मताधिकाराची पहिली सार्वत्रिक निवडणूक पाहण्यासाठी तेथील जनतेला डिसेंबर १९७० पर्यंत थांबावे लागले. पाटी लावल्याने प्रजासत्ताक सिद्ध होत नाही.

आपल्या मराठी शब्दातही गंमत आहे. 'प्रजा' म्हणजे मुळात संतती. राजा पिता आणि रयत त्याची लेकरे. त्या लेकरांनी सज्ञान होऊन घराचा कारभार हाती घेणे, हे 'प्रजासत्ताक' या शब्दाच्या पोटात दडलेले आहे. राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत 'गणराज्य' हा जुना शब्द आहे. त्याच्याकडे पुढे यायचेच आहे.

ज्यांच्यावर परक्यांचे राज्य नव्हते, ते देशही हा दिवस साजरा करतात. इटलीत २ जून १९४६ रोजी राजेशाही ठेवायची की घालवायची, यावर जनतेचा कौल घेतला गेला. सुमारे १ कोटी २७ लाख लोकांनी प्रजासत्ताकाच्या बाजूने, तर सुमारे १ कोटी ७ लाखांनी राजाच्या बाजूने मत दिले. राजघराण्याने मुसोलिनीला सत्ता दिली होती, त्याचा हा हिशेब होता. तेथील स्त्रियांनी देशपातळीवर मत देण्याचा तो पहिलाच प्रसंग. आज २ जून हाच इटलीचा राष्ट्रीय दिन आहे. कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांचे वंशज ज्या मॉरिशसमध्ये अजून मराठीपण जपून आहेत, तो देश १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला, पण ब्रिटनच्या राणीचे प्रमुखपद १२ मार्च १९९२ रोजी गेले. बार्बाडोसला तर स्वातंत्र्यानंतर ५५ वर्षे लागली. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी तेथे पहिल्या राष्ट्राध्यक्षा पदावर आल्या.

भारताने हे काम कसे केले, ते मुद्दाम सांगण्याजोगे आहे. घटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली, तरी तिचा बहुतांश भाग दोन महिने थांबवून २६ जानेवारीला लागू करण्यात आला. कारण लाहोर अधिवेशनातील पूर्ण स्वराज्याच्या ठरावानंतर १९३० साली याच तारखेला देशभर प्रतिज्ञा घेतली गेली होती. पण त्याहून सूक्ष्म गोष्ट वेगळी आहे. संमत झालेली घटना मान्यतेसाठी गव्हर्नर जनरलकडे पाठवलीच गेली नाही. आणि शेवटच्या, ३९५ व्या अनुच्छेदाने ज्या ब्रिटिश कायद्यातून स्वातंत्र्य आले, तो १९४७ चा कायदाच रद्द करून टाकला! दिलेल्या दानाचा कागद फाडून, हे आमचे होते म्हणून आम्ही घेतले, असे सांगण्याचाच तो प्रकार. एका कोरड्या कलमात एवढा स्वाभिमान क्वचितच सापडेल.

त्या दिवशी सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी दिल्लीच्या दरबार हॉलमध्ये राजाजींनी प्रजासत्ताकाची घोषणा वाचली आणि डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. व्हाइसरॉयच्या वैभवासाठी बांधलेल्या त्या दालनाचे नाव २०२४ मध्ये 'गणतंत्र मंडप' झाले. तेथे राष्ट्रपतींच्या आसनामागे गुप्तकाळातील बुद्धमूर्ती आहे. योगायोग म्हणावा तर बोलका आहे, कारण गणराज्यांविषयीचा आपल्याकडील एक फार मोलाचा संवाद बुद्धाच्याच चरित्रात येतो.

मगधाचा अजातशत्रू वज्जींच्या गणसंघावर चालून जाऊ पाहत होता. त्याचा अमात्य वस्सकार बुद्धाकडे आला. बुद्धाने त्याला थेट उत्तर न देता आनंदाला विचारले: वज्जी वारंवार एकत्र जमतात का? एकजुटीने बसतात, एकजुटीने उठतात का? ठरलेले नियम पाळतात का? वृद्धांचा मान, स्त्रियांची सुरक्षितता, चैत्यांचा आदर राखतात का? हे चालू आहे तोवर त्यांचा ऱ्हास नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. वस्सकार चतुर होता. पुढे तो वैशालीत राहिला, त्याने घराघरांत संशय पेरला, आणि फुटलेले गणराज्य मगधाच्या हाती पडले, असे बौद्ध परंपरा सांगते. शांतिपर्वात भीष्मही युधिष्ठिराला हेच सांगतात: गणांचा नाश बाहेरच्या शत्रूने होत नाही, तो आतल्या भेदाने होतो.

या वारशाचा अभिमान जरूर असावा, भाबडेपणा नसावा. वैशालीच्या संथागारात बसत ते प्रतिष्ठित कुळांचे प्रमुख. दास, श्रमिक तेथे नव्हते. २६ जानेवारीने जे केले ते वैशालीतही झाले नव्हते. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, अठराव्याने पदव्या. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्याचे मत गावच्या इनामदाराच्या मताच्या तोलाचे ठरले.

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटींहून अधिक मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. याद्या करताना एक विलक्षण अडचण आली. अनेक प्रांतांत स्त्रिया स्वतःचे नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळाली. निर्णय कठोर खरा. त्या बायांचा त्यात दोष काय? पण नागरिक हा कोणाचा कोणी नसतो, तो स्वतःच्या नावाने उभा असतो, हे त्या यादीने घरोघर शिकवले. एवढा मोठा सामाजिक धडा एका सरकारी रजिस्टरने क्वचितच दिला असेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बौद्ध संघांच्या सभानियमांची आठवण करून दिली होती आणि एकदा गमावलेली लोकसत्ता देश पुन्हा तर गमावणार नाही ना, असा प्रश्न विचारला होता. सिंधच्या दाहिरापासून स्वकीयांच्या फितुरीने स्वातंत्र्य कसे गेले, तेही त्यांनी सांगितले. राजकारणातील व्यक्तिपूजा हा हुकूमशाहीचा रस्ता आहे, हा त्यांचा इशारा होता. सामाजिक समता नसेल तर राजकीय समता डळमळेल, हे तर त्यांनी निक्षून बजावले.

इशारा खरा ठरायला २६ वर्षेही लागली नाहीत. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. परका कोणी चालून आला नव्हता. घटनेतील कलमाचाच आधार घेतला गेला होता. २६ जानेवारी १९७६ ला राजपथावर संचलन झाले, पाहुणे म्हणून फ्रान्सचे पंतप्रधान आले, चित्ररथ निघाले. त्याच वेळी येरवड्यासह देशभरच्या तुरुंगांत हजारो माणसे खटल्यावाचून बंद होती. त्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना दाद मागण्याचा मार्ग नाकारला, तेव्हा पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळे मत लिहून गेले. पुढे त्यांची ज्येष्ठता डावलली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. उत्सव चालू राहूनही प्रजासत्ताक आतून रिकामे होऊ शकते, हे त्या २१ महिन्यांनी दाखवले.

मार्च १९७७ मध्ये मतपेट्या उघडल्या. ज्यांना अडाणी म्हणून हिणवले जाई, त्या मतदारांनी सत्ताधारी पक्षाला पायउतार केले; रायबरेलीत खुद्द पंतप्रधान पराभूत झाल्या. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या तरतुदीतील 'अंतर्गत अशांतता' हे सैल शब्द काढून तेथे 'सशस्त्र बंड' हे शब्द घातले, मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवणे सक्तीचे केले आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली.