आमच्या नावांचा बाजार
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाला भाव मिळो न मिळो, आपल्या नावांच्या यादीला बाजारात भाव आहे. जूनमध्ये बियाण्याचे पाकीट घेताना आपण दुकानात मोबाइल नंबर लिहून देतो. आठ दिवसांत फोन सुरू. औषध घ्या, ट्रॅक्टरला कर्ज घ्या, विमा काढा. आमच्यापैकी एकाला फोनवाल्याने विचारले, "तुमच्या दोन हेक्टरांत पाकिटे किती लावली?" हेक्टर त्याला कुणी सांगितले?

अशा याद्या गोळा करायच्या, एकमेकींशी जुळवायच्या आणि विकायच्या, हा धंदा करणारे दलाल जगभर आहेत. अडत्या निदान माल मोजून घेतो आणि पट्टी हातात देतो. या दलालाकडे पट्टीच नाही.

सातबारा महाभूलेखवर कुणालाही दिसतो. नाव, क्षेत्र, इतर हक्कांत बँकेचा बोजा, सगळे. तो झाका असे आम्ही म्हणत नाही. रातोरात फेरफार झाला तर कळावे म्हणून तो उघडाच हवा. पण त्याला आपला नंबर जोडून विकणे ही वेगळी गोष्ट आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये कायदा केला. माणसाने एकच अर्ज करायचा, तो नोंदणी झालेल्या सगळ्या दलालांना लागू. जानेवारी २०२६ पासून अर्ज घेणे सुरू झाले. माहिती पुसण्याचे काम दलालांनी १ ऑगस्ट २०२६ पासून सुरू करायचे आणि टाळले तर दर अर्जामागे दर दिवसाला २०० डॉलर दंड, अशी त्यात तरतूद आहे.

आपल्याकडेही २०२३ मध्येच कायदा झाला. दिलेली संमती मागे घेता येईल, माहिती पुसायला सांगता येईल, असे त्यात लिहिले आहे. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि ही हक्कांची कलमे लागू व्हायची मुदत त्यानंतर १८ महिन्यांची, म्हणजे मे २०२७. आता गंमत ऐका. कंपनीला दंड २५० कोटींपर्यंत, पण तो जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती विकली त्याला भरपाई शून्य. उलट शेतकऱ्याची तक्रार खोटी किंवा फालतू ठरली तर त्यालाच १० हजारांपर्यंत दंड! आणि पुसण्याच्या बंधनातून सरकारने स्वतःला सूट घेतली आहे. लेव्हीच्या काळापासून आपण ज्याला ओळखतो, तेच हे सरकार.

तोवर हातात आहे ते करू. १९०९ वर फोन करून जाहिरातीचे फोन बंद करायला सांगता येते. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते दिसते. अनोळखी असेल तर तिथेच कळवा. आधारची झेरॉक्स मागितली तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्या. अंगठ्याचा ठसा आधारच्या अ‍ॅपवर कुलूपबंद करता येतो. रेशन घेताना तेवढा उघडायचा.

आणि दुकानदाराला लेखी द्यायचे: आमचा नंबर बिलापुरता, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, दिला असेल तर कुणाला ते कळवा. एकट्याने दिले तर तो कागद गल्ल्याखाली जाईल. म्हणून गावातल्या सगळ्यांच्या सह्या एकाच अर्जावर घ्या, दुसऱ्या प्रतीवर दुकानाच्या शिक्क्याची पोच घ्या. खरिपाच्या खरेदीआधी तालुका बैठक आहे. पोच घेतलेल्या प्रती तिथे आणा, आपण त्या गावनिहाय लावू.