शुभेच्छुकांत नसलेला माणूस

भाषण कधी संपतंय याची वाट बघणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

कवठे महांकाळच्या स्टँडवर उतरलो तर समोर एक भला मोठा फ्लेक्स. वाढदिवस एकाचा आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो इतके दाटीवाटीने, की निम्म्यांचे कान कापले गेलेत. फ्लेक्सवर नाही तो गावात नाही, असा आता हिशेब झालाय. लग्नसराईतही तेच. एकाच मुहूर्तावर नागजला, रांजणीला आणि देशिंगला लग्न. गडी एका मांडवात अक्षता टाकतो, दुसऱ्यात तोंड दाखवतो आणि तिसऱ्यात जेवतो. हजेरी सगळीकडे लागते. नवरीचं नाव विचारलं तर मात्र बायकोकडे बघतो.

याला मी सरसकट नावं ठेवणार नाही. म्हैसाळ योजनेचं पाणी येण्याआधी या तालुक्यात टँकरच्या मागे घागरी घेऊन पळावं लागायचं. तेव्हा गावाशी फटकून राहणं परवडत नव्हतं. अडीनडीला कोण उपयोगी पडेल सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांशी राखून राहायचं. ती सवय आता तुमच्या मोबाइलमध्ये उतरली आहे. शाळेचा ग्रुप, क्लासचा ग्रुप, गल्लीचा, मंडळाचा, आणि कुणाला तरी वगळून केलेला आणखी एक.

या ग्रुपांच्या आधीच्या काळात मी टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये मिरजेला सॉर्टर होतो. रात्रभर उभं राहून पत्रं खणांत टाकायची. दिवाळीत शुभेच्छापत्रांच्या थप्प्या यायच्या. प्रत्येक पाकिटावर तोच रबरी शिक्का, आतही तोच छापील मजकूर असणार. मधेच एखादं निळं आंतर्देशीय हाताला लागायचं. आतलं वाचायचा आम्हाला अधिकार नव्हता, पण बाहेरूनही कळायचं. पाठवणाऱ्याच्या पत्त्याशेजारी, चिकटवायच्या पट्टीच्या कडेने, जागा संपल्यावर कागद आडवा फिरवून बारीक अक्षरात ओळी कोंबलेल्या असायच्या. एकाच माणसाला सांगायचं होतं, आणि तरी कागद पुरला नव्हता.

धारवाडहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या मिरजेवरूनच जातात. त्या वाटेने कथाकार जी. ए. कुलकर्णींची पत्रं गेली असतील, हे मला फार उशिरा, त्यांची पुस्तकं वाचल्यावर सुचलं. जी. ए. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या 'काजळमाया' या कथासंग्रहाला साहित्य अकादमीचा १९७३ सालचा पुरस्कार मिळाला. त्यावरून तांत्रिक वाद निघाला, तेव्हा त्यांनी तो परत करून टाकला. सभा, सत्कार, व्यासपीठ यांपासून ते आयुष्यभर लांब राहिले. आज तुम्ही त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं असतं, तर नम्र नकाराचं सुंदर पत्र आलं असतं, आणि ते या भाषणापेक्षा नक्की सरस असतं.

लोक त्यांना माणूसघाणे म्हणत. पण १९८७ साली ते गेल्यानंतर त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड निघाले. पहिला सगळा खंड लेखिका सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचा. या दोघांच्या प्रत्यक्ष भेटी थोड्याच, मैत्री झाली ती पत्रांतून. वाचलेली पुस्तकं, पाहिलेली माणसं, आतली खळबळ, थट्टा, सगळं त्यांत आहे. हा माणूस रोज संध्याकाळी हारतुरे घेत हिंडला असता, तर असं पत्र लिहायला त्याच्याकडे उरलं काय असतं? माणसं त्यांनाही हवीच होती. फक्त त्यांनी ती मोजकी ठेवली आणि त्यांना भरभरून वेळ दिला.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. आपल्याकडे माणसाला वाळीत टाकत असत. त्याला एकांत म्हणायचं नाही. वर्गात डबा खायला कुणी जवळ घेत नाही म्हणून जो एकटा बसतो, सहलीची वर्गणी परवडत नाही म्हणून जी 'मला बरं नाही' सांगते, त्यांनी काही निवडलेलं नाही. त्यांना निवड करायची संधीच तुम्ही दिलेली नाही. त्यांच्याजवळ जाऊन बसा. आणि ज्याला खरंच खिडकीशी पुस्तक घेऊन बसायचंय, त्याला ओढून नाचात उभा करू नका. दोघं लांबून सारखेच दिसतात. फरक विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायचं तर ग्रुपवर नाही, शेजारी बसून.

गॅदरिंगच्या फिशपाँडमध्ये 'एकलकोंडा', 'घुम्या' अशा चिठ्ठ्या आमच्या वेळी हमखास निघायच्या. तुमच्याकडेही निघाल्या असतील, कारण आत्ता मागच्या रांगेत काहीजण एकाच मुलाकडे बघून हसले. बाळा, तू खाली बघू नकोस. तुला हवं असेल तर ग्रंथालयात जी. एं.च्या पत्रांचा पहिला खंड माग. नसला तर प्राचार्यांना सांग मागवायला. ते इथेच बसलेत आणि त्यांनी मान हलवलेली सगळ्यांनी पाहिली आहे.

चला, बक्षिसं घ्यायची आहेत. धावण्याच्या शर्यतीतली मंडळी मघापासून बसून अवघडली आहेत.